सात नंबरने किती?

मे महिन्यातल्या एका रविवारी खेळ आटोपून आम्ही चहाला बसलो होतो, तेव्हा नव्यानेच गॉल्फ खेळू लागलेल्या एका तरुणाने सगळ्यांना सरसकट एक प्रश्न विचारला : सात नंबरने तुमचा चेंडू किती लांब जातो? गॉल्फच्या लोखंडी काठ्यांना, म्हणजे क्लबांना, नंबर असतात; नंबर जितका लहान तितका चेंडू लांब जायला हवा. त्या तरुणाला स्वतःचा संच घ्यायचा होता आणि दुकानदाराशी बोलण्याआधी काही अंदाज हवा होता. पहिले उत्तर आले, दीडशे यार्ड. दुसरेही दीडशेच. तिसरे, दीडशे, पण वारा पाठीशी असला तर एकशे साठ. उत्तर देणाऱ्यांत सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त प्राध्यापक होते, तिशीतला एक व्यापारी होता आणि बेताच्या बांध्याच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. तीन वयांच्या, तीन अंगकाठ्यांच्या माणसांकडून एकच आकडा आला आणि त्यात कोणालाही वावगे वाटले नाही. माझी पाळी येण्याआधी समोसे आले आणि विषय बदलला. जवळच क्लब पुसत बसलेल्या कॅडीने, म्हणजे आमच्या पिशव्या वाहणाऱ्याने, मात्र हे ऐकताना मान खाली घातली होती आणि त्याचे फडके उगीचच जरा जोरात फिरू लागले होते. परतताना मी त्याला गाठून माझ्या सात नंबरचे विचारले, तेव्हा आधी त्याने "मला काय ठाऊक, साहेब" म्हणून टाळले. मग गाडीत पिशवी ठेवता ठेवता तो म्हणाला, "दीडशे जातो ना. कधीतरी जातो. रोजचा विचाराल तर एकशे पंचवीस."

त्याच्या वाक्यातला "रोजचा" हा शब्द मला त्यानंतर बरेच दिवस पुरला.

माझी सगळी नोकरी कालव्यांच्या मोजणीत गेली. तिथे कोणतेही अंतर एकदा मोजून भागत नसे. साखळी पुन्हा टाकायची, मग उलट दिशेने मोजत यायचे, उन्हाने पोलाद किती ताणले असेल त्याची वजावट करायची आणि मगच आकडा शाईने लिहायचा. चार मोजण्यांपैकी सर्वांत मोठी तीच खरी, असे एखाद्या नवशिक्याने म्हटले असते तर त्याच्या हातून नोंदवही काढून घेतली असती. मैदानावर मात्र नेमके तेच चालते. आयुष्यात कधीतरी चेंडू क्लबच्या बरोबर मध्यावर बसलेला असतो, हातांना काहीच लागल्यासारखे वाटत नाही, जमीन कडक असते, वारा मागून असतो, आणि चेंडू दीडशे यार्डांची खूण असलेल्या खांबापासून निघून थेट भोकातल्या झेंड्यापाशी पोचतो. तो फटका आपण घरी नेतो, बायकोला सांगतो, मुलाला फोनवर सांगतो आणि पुढची अनेक वर्षे त्याच फटक्याच्या भरवशावर पिशवीतून क्लब काढत राहतो. बाकीचे शेकडो फटके, जे ग्रीनच्या, म्हणजे झेंड्याभोवतीच्या बारीक गवताच्या, अलीकडे वाळूत किंवा ओल्या गवतात पडले, ते "आज जरा हात बसत नव्हता" या खात्यावर जमा होतात.

माझे वडील वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आखाड्यात नेमाने जात. तिथे नवा मुलगा आला की वस्ताद त्याला जोर किती काढतोस असे विचारत आणि पोरगा छाती काढून "दोनशे" म्हणाला की लगेच दुसरा प्रश्न येई, "काल किती काढलेस? परवा?" त्या उत्तरावरून त्याला खुराक आणि जोडीदार ठरत असे. गॉल्फच्या पिशवीला असा वस्ताद नाही. असलाच तर तो कॅडी आहे, पण त्याच्या पोटाचा प्रश्न साहेबांच्या मर्जीवर अवलंबून असल्यामुळे तो मुकाट्याने एक नंबर लांबचा, म्हणजे सहा नंबरचा, क्लब पुढे करतो आणि आपण तो नाकारून सात नंबरच मागून घेतो. त्यानंतर चेंडू अलीकडे पडला की त्याचा चेहरा पाहावा. त्याच्या चेहऱ्यावर काहीही दिसत नाही, आणि ते साधायला फार सराव लागत असणार.

आपण किती लांब मारतो याबद्दलचा हा गोड भ्रम केवळ आमच्या वडोदऱ्याचा नाही. १९७१ च्या फेब्रुवारीत अपोलो १४ मोहिमेवरच्या अ‍ॅलन शेपर्डने माती गोळा करण्याच्या दांड्याला सहा नंबरचे पाते जोडून चंद्रावर दोन चेंडू मारले. अंगावरच्या अवजड पोशाखामुळे दोन्ही हात दांड्याशी नीट आणणे शक्य नव्हते, म्हणून त्याने एका हातानेच मारले, आणि दुसरा चेंडू उडाला तेव्हा तो मैलोन्मैल गेल्याचे त्याने कौतुकाने जाहीर केले. पन्नास वर्षांनी, २०२१ मध्ये, त्या वेळची छायाचित्रे नव्याने साफ करून अंतर काढण्यात आले, तेव्हा पहिला चेंडू सुमारे २४ यार्ड आणि दुसरा सुमारे ४० यार्ड गेल्याचे दिसून आले. गुरुत्वाकर्षण एकषष्ठांश, हवेचा अडथळा शून्य, आणि तरी चाळीस यार्ड. मला शेपर्डबद्दल यामुळे आपुलकीच वाटू लागली. जाहीर आकडा आणि पडलेला चेंडू यांच्यातले अंतर त्याने आम्हा सर्वांपेक्षा फार मोठ्या मैदानावर दाखवून दिले, इतकेच.

आमचे मैदान लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात आहे. राजघराण्याने १९३० च्या दशकात युरोपीय पाहुण्यांसाठी ते आखले आणि १९९० च्या दशकात नव्याने घडवून ते बाहेरच्या लोकांना खुले झाले. मोरांच्या ओरडण्यात आणि जुन्या झाडांच्या सावलीत खेळण्याचे सुख आहेच, पण अंतराचा अंदाज घेणाऱ्याची या जागेने चांगलीच फसगत होते. झेंड्यामागे राजवाड्याचा अवाढव्य पसारा आणि मनोरा उभा असला की डोळा त्या इमारतीच्या मापाने सगळे मोजू लागतो आणि मधली हिरवी जमीन आखडून जाते. झेंडा हाकेच्या अंतरावर वाटतो आणि मोजला की एकशे चाळीस निघतो. हल्ली लेझरची दुर्बीण सर्रास मिळते, ती डोळ्याला लावली की झेंड्यापर्यंतचे अंतर यार्डापर्यंत अचूक येते. आमच्यातल्या जवळजवळ प्रत्येकाकडे ती आहे. अंतर बरोबर कळते आणि क्लब चुकीचा निघतो, कारण हिशेबाची दुसरी बाजू, म्हणजे आपला क्लब किती नेतो, ती अजूनही आठवणीवरच चाललेली असते.

या यार्डांच्या हिशेबाला फार जुना इतिहास आहे असे वाटते, पण तसे नाही. जॅक निकलसने १९६१ मध्ये पेबल बीचवर अमेरिकेची हौशी खेळाडूंची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, तेव्हा त्याच्या मित्राने, डीन बीमनने, त्याला अंतरे पावलांनी मोजून टिपून ठेवायला सांगितले होते. निकलसने ती सवय पुढे आयुष्यभर पाळली आणि इतरांनी ती त्याच्याकडून उचलली. त्याआधीच्या पिढ्या बहुतांशी डोळ्याने आणि हाताने खेळल्या. माझे मामा, जे सैन्यातून निवृत्त होऊन महूला राहिले, ते त्याच जुन्या पठडीतले. त्यांना यार्ड विचारले की ते चिडत. "समोर बघ आणि मार" हे त्यांचे सगळे शास्त्र, आणि सांगायला हरकत नाही, त्यांचा चेंडू आमच्यापेक्षा झेंड्याच्या जास्त जवळ पडत असे.

मामांचा पोलादी संच आज माझ्याकडे आहे. पात्यांवरची कडा इतकी पातळ की चेंडू जरा खाली किंवा बाहेर लागला तर मनगटापर्यंत झिणझिण्या येतात, आणि सात नंबरच्या पात्यावर मधोमध एका रुपयाएवढा भाग घासून पांढुरका झालेला आहे. इतकी वर्षे मामा त्याच जागी चेंडू लावत आले, हे त्या डागावरून कळते, आणि माझ्या नव्या क्लबच्या पात्यावरच्या विखुरलेल्या खुणा त्याच्या शेजारी ठेवून पाहिल्या की बोलण्यासारखे फारसे काही उरत नाही. त्या जुन्या सात नंबरचा कल, म्हणजे पात्याचा मागे झुकलेला कोन, साधारण अडतीस अंशांचा असे; कल कमी तसा चेंडू खालून आणि लांब जातो. आजकाल हौशी खेळाडूंसाठी जे सात नंबर विकले जातात त्यांचा कल तीस अंशांच्या आसपास आणि कधी त्याहूनही कमी असतो, दांडाही थोडा लांब असतो. म्हणजे पात्याखाली ७ कोरलेले असले तरी हातात जुन्या पाच नंबरच्या जवळपासचा क्लब असतो. दुकानात तो मारून पाहणाऱ्याला आपण एकदम वीस यार्ड सुधारलो असे वाटते आणि पैसे देताना हात आखडत नाही. कंपन्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण खालच्या कलाने चेंडू वर जावा म्हणून त्या पात्याचे वजन खाली आणि मागे नेतात, आणि ते काम खरोखरच चांगले करतात. पण मग दीडशे या आकड्याला मामांच्या काळात जो मान होता तो आज उरत नाही, एवढे तरी मान्य करावे लागते.

मोजणी करायची ठरवली तेव्हा पहिला मोह सरावाच्या रेंजवर जाण्याचा झाला. तिथे चटईवर एकामागून एक चेंडू मारायचे आणि फळ्यांवरचे आकडे वाचायचे, काम सोपे होते. पण चटई लबाड असते. क्लब चेंडूच्या आधी जमिनीला लागला तर मैदानावर ढेकूळ उडते आणि चेंडू वीस पावलांवर पडतो. चटईवर तोच क्लब घसरून पुढे जातो आणि चेंडू बराचसा नीट उडतो. रेंजवरचे चेंडूही झिजलेले, कडक, खेळण्याच्या चेंडूंपेक्षा बहुधा कमी उडणारे असतात. एक खोट आकडा वाढवते, दुसरी कमी करते, आणि दोन्ही मिळून काय उरते ते सांगता येत नाही. म्हणून मी मैदानावरच, संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर, आपलेच चेंडू मारून मोजायचे ठरवले.

आणि त्यासाठी पावसाळ्याइतका चांगला ऋतू नाही.

उन्हाळ्यात आमची जमीन भाजलेल्या विटेसारखी होते. चेंडू एकशे वीसवर टेकतो आणि पंचवीस-तीस यार्ड घरंगळत जातो, आणि खेळाडू जिथे चेंडू सापडला तिथपर्यंतचे सगळे अंतर क्लबच्या नावावर जमा करतो. हवेतून गेलेले अंतर आणि जमिनीवर धावलेले अंतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, किंवा पाणी ओलांडायचे असते तेव्हा फक्त पहिलीच कामाला येते. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र चेंडू पडतो तिथे जमिनीत लहानशी वाटी करून बसतो. काळ्या मातीत ती खूण स्पष्ट दिसते, कडेला गवताची दोन-तीन पाती तुटून उलटी पडलेली असतात, आत पाणी झिरपून चकाकत असते, आणि चेंडू फार तर हातभर पुढे असतो. त्या वाटीपासून मागे दुर्बीण लावली की हवेतले अंतर मिळते, आणि त्यात कडक जमिनीची कोणतीही मेहेरबानी नसते. पावसाळ्यात हवा जड असते म्हणून चेंडू कमी जातो, असे आमच्याकडे सगळे सांगतात. खरे पाहता दमट हवा त्याच तापमानाच्या कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते, कारण पाण्याच्या वाफेचा रेणू नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका असतो. चेंडू कमी जातो तो मुख्यतः जमिनीने धाव बंद केल्यामुळे. हे मी प्राध्यापकांना समजावून सांगितले, त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि पुढच्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, हवा जड असल्याचे पुन्हा सांगितले.

वहीत प्रत्येक क्लबसाठी एक पान केले. अगदीच फसलेले, म्हणजे ज्यांना फटका म्हणता येणार नाही असे, सोडून दिले आणि उरलेले सगळे, आवडते नावडते, लिहिले. सरासरी काढण्याऐवजी मी आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला घेत गेलो, कारण एखादा घसरलेला फटका सरासरीला उगीच खाली ओढतो आणि एखादा नशिबाचा फटका तिला वर चढवतो. कालव्याच्या मोजणीत वेगवेगळे आकडे आले तर चूक साखळीची किंवा माणसाच्या हलगर्जीपणाची मानायची आणि खरे अंतर एकच आहे अशी श्रद्धा ठेवायची, असा नियम होता. इथे तसे खरे अंतर कुठे पडून राहिलेले नाही. एकशे अठरा, एकशे एकतीस, एकशे चोवीस, हे सगळेच माझे सात नंबर आहेत. वहीत मांडलेला तो बारा-पंधरा यार्डांचा पसारा पाहायला आरंभी मला जड गेले, आणि मग त्यातच रस वाटू लागला. झेंड्याच्या अलीकडे बंकर असेल तर पसाऱ्याचे खालचे टोक बघायचे, पलीकडे झाडी असेल तर वरचे. एका आकड्याने हे कधीच जमले नसते.

मधला आकडा एकशे चोवीस आला. कॅडीने सांगितलेल्या आकड्याहून एक यार्ड कमी. कोणत्याही वहीशिवाय, पिशवी खांद्यावर घेऊन चालता चालता, त्याने तो कधी आणि कसा ठरवला होता याचे मला फार नवल वाटले. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "चेंडू शोधायला मीच जातो ना, साहेब." त्याला आमच्या गटातल्या प्रत्येकाचे आकडे ठाऊक आहेत आणि ते तो कोणालाच सांगत नाही. डॉक्टर जसे रोग्याचे गुपित सांभाळतात तसे म्हणायचा मोह होतो, पण आमच्या डॉक्टरीणबाईंनीच त्याला आपला आकडा विचारायला एकदा बाजूला नेले होते, हे मी पाहिले आहे.

पाच नंबर आणि चार नंबरच्या पानांनी मला खरा धक्का दिला. सहा नंबर सात नंबरपेक्षा आठ-नऊ यार्ड पुढे, ठीक. पाच नंबर त्याच्या जेमतेम पाच यार्ड पुढे. आणि चार नंबर पाचच्या बरोबरीने, कधी मागेही. जोराने क्लब फिरवणाऱ्याच्या हातात कमी कलाचा क्लब चेंडूला पुरेशी उंची देतो आणि लांब नेतो. माझ्यासारख्याच्या वेगात तो चेंडू पुरेसा वर चढतच नाही, लवकर खाली येतो, आणि दोन क्लबांमधले अंतर मिटून जाते. पिशवीत चौदाच क्लब ठेवता येतात, हा नियम अमेरिकेत १९३८ मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९३९ मध्ये आला. त्या चौदांतली एक जागा वर्षानुवर्षे अशा एका क्लबने अडवून ठेवली होती, जो शेजाऱ्याचेच काम करीत होता. दुसऱ्या टोकाला उलट परिस्थिती. जवळच्या, उंच फटक्यांसाठीचे जास्त कलाचे क्लब म्हणजे वेज. पिचिंग वेजचा कल चव्वेचाळीस अंश आणि सँड वेजचा छप्पन्न, म्हणजे मध्ये बारा अंशांची मोकळी जागा. पिचिंग वेज पंच्याण्णव नेते, सँड वेज पासष्ट, आणि ऐंशी यार्डांवर चेंडू आला की दर वेळी अर्धा हात, पाऊण हात करत कसरत करायची. आमच्या मैदानावर ऐंशी यार्ड किती वेळा उरतात हे वहीत पाहिल्यावर चार नंबरला घरी ठेवून त्याच्या जागी पन्नास अंशांची वेज आणली. चार नंबर मामांच्या संचाशेजारी भिंतीला टेकून उभा आहे. त्याने काही गुन्हा केलेला नाही, तरी त्याच्याकडे बघताना जरा अपराधी वाटते.

व्यावसायिकांचे आकडे पाहून आपले ठरवू नयेत, हे सगळ्यांना तोंडपाठ असते, पण दूरदर्शनवर पाहिलेले मनातून जात नाही. ट्रॅकमॅन या रडार यंत्राच्या एका जुन्या, बहुचर्चित तक्त्यात अमेरिकेच्या पुरुष व्यावसायिकांचा सात नंबर हवेतून सरासरी १७२ यार्ड जातो आणि महिला व्यावसायिकांचा १४१. दिवसभर हेच काम करणाऱ्या, जगातल्या उत्तमोत्तम महिला खेळाडूंची सरासरी १४१ असताना वडोदऱ्यातल्या चहाच्या टेबलावर दीडशेचे राज्य निर्वेध चालते, यात पुरुषी अहंकाराचा वाटा किती आणि गोल आकड्याच्या मोहाचा किती, हे मला वेगळे करता आलेले नाही.

आमच्याकडे खेळणारे एक निवृत्त न्यायाधीश आहेत. वहीची बातमी कानावर गेल्यावर त्यांनी आपलीही मोजणी करून घेतली. पंच्याहत्तरीतल्या माणसाला साजेसा, सरळ, मऊ फटका. चेंडू कधी डावी-उजवीकडे जात नाही. मधला आकडा एकशे दोन आला. तो सांगावा कसा या विचारात मी वही चाळल्यासारखे करीत होतो, तेव्हा तेच म्हणाले, "यार्डांत नका सांगू, फुटांत सांगा. जरा बरं वाटेल." मी तीनशे सहा फूट म्हणालो. ते मनापासून हसले, वही मागून घेतली, चष्मा कपाळावर सरकवून सगळे आकडे एकेक करून वाचले आणि म्हणाले की दहा वर्षांपूर्वी कोणी हे मोजून ठेवले असते तर आज दोन रांगा शेजारी मांडून बघता आल्या असत्या. मला वाटले होते ते दुखावतील. त्यांना उलट मागचे आकडे नसल्याची हळहळ वाटत होती.

माझीही रांग आता खालीच सरकत जाणार. महूला मामांच्या मैदानावर गेलो तर थोडी वर येईल, कारण ते गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे आणि विरळ हवेत चेंडू किंचित पुढे जातो. पण तो फायदा सात नंबरला दोन-तीन यार्डांचा, मामा सांगायचे तसा वीस यार्डांचा नव्हे. जानेवारीत, सकाळी हात कोटाच्या खिशातून काढवत नाहीत अशा वेळी, थंड हवा दाट असते, चेंडू कडक झालेला असतो, अंगही आखडलेले असते, आणि मे महिन्याच्या तुलनेत जवळजवळ अर्ध्या नंबराचा फरक पडावा. पडतो का, ते पाहायचे आहे. फक्त तेव्हा जमीन कोरडी असेल आणि वाटी उमटणार नाही, म्हणून चेंडू नेमका कुठे टेकला ते पाहायला पुढे कोणीतरी उभे राहावे लागेल. कॅडीला विचारले आहे. तो म्हणाला, "उभा राहीन, पण साहेब, सात नंबरला मी एकशे अठरावरच उभा राहणार."